उद्योगातून सार्वजनिक धोरणाकडे वळताना

कंपनी नावारूपाला आल्यावर सरकारी कामात किंवा लोककार्यात उतरू पाहणाऱ्या उद्योजकाने प्रथम आदेशाने काम करून घेण्याची आपली सवय तपासून पाहावी. सार्वजनिक क्षेत्रात आदेशाआधी संमती मिळवावी लागते, आणि ती कशी मिळते व कशी निसटते हे समजून घेण्यासाठी नंदन निलेकणी यांची वाटचाल अभ्यासण्याजोगी आहे.

सुरुवात आपल्या शहरापासून करावी. मुंबईच्या आयआयटीतून १९७८ साली पदवी घेतलेले आणि १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिसच्या स्थापनेत सहभागी झालेले निलेकणी थेट दिल्लीला गेले नाहीत. १९९९ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा यांच्या सरकारने बंगळूरसाठी नेमलेल्या कृतिदलाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. मालमत्ता कराचे स्वयंमूल्यांकन आणि महापालिकेची हिशेबपद्धती हे विषय समारंभात मिरवण्याजोगे नसले, तरी प्रशासन कोठे अडते ते अशाच रुक्ष कामांत कळते. मात्र २००४ मध्ये सरकार बदलले आणि कृतिदल मागे पडले. म्हणून कामाची मालकी पहिल्या दिवसापासून निवडून आलेल्या संस्थेकडे राहील, अशी व्यवस्था करावी.

सरकारी पद स्वीकारायचे झाल्यास कंपनीतील पद सोडावे आणि हितसंबंध लेखी जाहीर करावेत. निलेकणी २००९ मध्ये इन्फोसिस सोडून आधार क्रमांक देणाऱ्या विशिष्ट ओळख प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी, २९ सप्टेंबर २०१० रोजी, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले. हा वेग उद्योजकाला साजेसा होता, पण कायदा मागे राहिला: संसदेच्या स्थायी समितीने डिसेंबर २०११ मध्ये विधेयक नाकारले, कायदा २०१६ मध्ये झाला, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योजना वैध ठरवताना खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारी तरतूद रद्द केली. माझ्या मते या वाटचालीतला सर्वांत मोलाचा धडा येथेच आहे. यंत्रणा उभारण्याआधी कायदा मागावा, वर्ष दोन वर्षे गेली तरी चालतील.

निवडणुकीचा विचार वेगळा करावा. २०१४ मध्ये दक्षिण बंगळूरमधून काँग्रेसतर्फे उभे राहिलेले निलेकणी अनंतकुमार यांच्याकडून २ लाखांहून अधिक मतांनी हरले.

दानाच्या बाबतीत कंपनीचा पैसा आणि स्वतःचा पैसा यांची गल्लत होऊ देऊ नये. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढील कंपन्यांनी मागील 3 वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. राजकीय पक्षाला दिलेली देणगी त्यात धरली जात नाही. ही रक्कम भागधारकांची असल्यामुळे तिला आपले दातृत्व म्हणू नये. निलेकणींनी २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीला दिलेले ३१५ कोटी रुपये वैयक्तिक होते, आणि त्यांच्या पत्नी रोहिणी निलेकणी यांची पाण्याच्या प्रश्नावर काम करणारी अर्घ्यम संस्थाही त्यांच्या स्वतःच्या पैशावर उभी राहिली. महाराष्ट्रात असा न्यास स्थापन करणाऱ्याने धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी, आणि विश्वस्तमंडळात कुटुंबाबाहेरची, त्या विषयात प्रत्यक्ष काम केलेली माणसे घ्यावीत, म्हणजे संस्थापकाला नकार ऐकवणारे कोणीतरी बैठकीत असेल.