जिनिंगच्या आगीत सूट चढवलेल्या पोरांना जपायचं कसं

कापसाच्या गाठी वरून विझल्यासारख्या दिसतात, पण आत धुमसत राहतात. एकेक ओढून, फोडून भिजवावी लागते. त्यामुळं जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या गिरणीची, आग तासन्‌तास चालते आणि आमच्या परभणीकडं मे महिन्यात पारा 42-43 वर गेलेला असतो.

फायर सूट तीन थरांचा. बाहेरची धग आत येत नाही, तसा आतला घामही वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग गार होत नाही. वर बीए सेट, म्हणजे श्वासासाठी पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मास्क, धरून 20 किलोच्या पुढं ओझं. ज्वाळेपासून लांब असलेला माणूसही स्वतःच्या कष्टानंच तापतो.

माझ्या हाताखालचं एक नवीन लेकरू नोझल धरून विझलेल्या भिंतीवर पाणी मारत होतं. "अरे, गाठीवर मार!" म्हटलं की "हो दादा" म्हणायचं, आणि परत भिंतीवरच. त्याला भान उरलं नाही हे कळायला मला दोन मिनिटं लागली. ती अजून टोचतात.

तेव्हापासून "कसं वाटतंय?" विचारतच नाही, घड्याळ बघतो. पहिला सिलिंडर संपला की 10 मिनिटं बसून पाणी. दुसरा संपला की किमान 20 मिनिटं सावलीत, सूट उतरवून. नुसता कोट उघडून भागत नाही. हेल्मेट, हूड, कोट काढा, पॅन्ट बुटापर्यंत खाली सरकवा. मग दोन्ही हात कोपरापर्यंत गार पाण्यात, 10-15 मिनिटं. हातातलं रक्त गार होऊन अंगात फिरतं. बंबाचं पाणी उन्हानं तापलेलं असतं, म्हणून आगीची वर्दी आली की मी जारवाल्याला फोन करतो. प्यायला ओआरएस, लिटरभर पाण्यात एक पुडी, घोट घोट.

लांब रजेवरून आलेल्याला उन्हाची सवय परत व्हायला 7 ते 14 दिवस लागतात. त्याला लगेच पुढं घालू नका.

माणूस बरळला, झोकांड्या खाऊ लागला तर तो उष्माघात समजा, घाम येत असला तरी. 108 ला फोन लावा, पण गाडीची वाट बघत बसू नका. सूट निघत नसेल तर कापा. जार अंगावर ओता, संपले तर बंबाचं पाणी, आणि सतत वारा घाला. काखेत, जांघेत, मानेला बर्फ. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथं कामाची नाही.

त्या दिवशी तो परत आत जात नाही. "दादा, आता बरं वाटतंय" म्हणाला तरी.