लेयरच्या अ‍ॅनिमेशनला हात लावण्याआधी

रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याच्या वेबसाइटचं पहिलं पान मी केलं होतं. मागे बागेचा फोटो आणि त्यावर एकामागून एक येणारे नऊ लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले तुकडे: नाव, केळीचा घड, ‘जळगाव केळी, भौगोलिक मानांकन 2016’ अशी पट्टी, सगळ्यात शेवटी फोन नंबर. माझ्या लॅपटॉपवर झकास चालत होतं. शेठनी पॅकिंग शेडमध्ये स्वतःच्या फोनवर उघडलं, तर नुसता हिरवा फोटो. “नंबर कुठी गेला रे भो?” बाहेर गाडी भरणं चालू होतं, सगळे थांबून बघत होते आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री कळलं. फोन जुना, जरा वेगानं चालावा म्हणून त्यांच्या मुलानं सेटिंगमध्ये जाऊन अ‍ॅनिमेशन बंद केलेली. माझे सगळे लेयर सुरुवातीला ओपॅसिटी (ठळकपणा) शून्यावर, म्हणजे अदृश्य. अ‍ॅनिमेशन चाललंच नाही, तर ते शंभरावर येणार कसे?

म्हणून तयारी इथूनच सुरू करा: सगळी अ‍ॅनिमेशन बंद करा आणि पान जसं स्थिर दिसतं तसं पाहा. फाइलची कॉपी करून ठेवा हे सांगायला नको. पण बंद करून पाहणं आपण टाळतो, कारण एडिटरमध्ये, म्हणजे पान बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, प्ले दाबलं की सगळं छान दिसतं. स्थिर पानावर एखादा लेयर जागेवर नसेल, तर दोष मांडणीचा आहे; टाइमलाइनवर, म्हणजे कोण कधी येणार त्या पट्टीवर, तासभर डोकं घालून काही हाती लागणार नाही. स्थिर पान बरोबर असेल तरच अ‍ॅनिमेशनकडे वळा.

एडिटरमध्ये बंद करून झालं की फोनमध्येही बंद करा. अँड्रॉइडवर अ‍ॅक्सेसिबिलिटीत ‘अ‍ॅनिमेशन काढा’ असा पर्याय असतो, आयफोनवर अ‍ॅक्सेसिबिलिटी, मोशन, मग ‘रिड्यूस मोशन’. विंडोज 11 मध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीतच व्हिज्युअल इफेक्ट्सखाली सापडतं. जुना फोन हे एकच कारण नसतं. पडद्यावर वस्तू सरकल्या की चक्कर येणारी, मळमळणारी माणसं असतात, ती हे मुद्दाम बंद ठेवतात. त्यांनाही नंबर दिसलाच पाहिजे.

आता वेळ. वहीत बेरीज करा, अंदाजानं नको. दोन लेयरमध्ये 500 मिलिसेकंदांचं अंतर ठेवलं की नववा लेयर 4000 ला सुरू होतो. त्याला यायला 1200 दिले की झाले 5200. हे लेयर ज्या स्लाइडवर आहेत ती मात्र 5000 ला पलटते, म्हणजे नंबर जागेवर बसायच्या आतच गेला. माणूस ज्यासाठी आला ते आधी आणा, घड नंतर आला तरी चालतो. एकक पाहा: काही एडिटर सेकंद मागतात, काही मिलिसेकंद. मिलिसेकंदाच्या चौकटीत 1 लिहिलं तर अ‍ॅनिमेशन होऊन गेलेलं कळतसुद्धा नाही. ग्रुपला आणि आतल्या लेयरला दोघांनाही फेड (हळूहळू ठळक होणं) दिला असेल तर ओपॅसिटीचा गुणाकार होतो, 50 टक्क्यांतले 50 म्हणजे 25. लेयर मधेच फिकट का दिसतो, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच निघतं.

मराठी मजकुराला वेगळा वेळ काढा, इंग्रजी नमुने बघून बनवलेले इफेक्ट इथे हमखास फसतात. अक्षर-अक्षर सुटं करून आणणारा इफेक्ट ‘निर्यातक्षम’ या शब्दावर लावून पाहा. अनेक एडिटरमध्ये पहिली वेलांटी ‘न’पासून सुटते आणि ठिपक्यांच्या गोलावर एकटी उभी राहते, रफार मोडतो, ‘क्ष’चे तुकडे होतात. शब्द किंवा ओळ हेच एकक ठेवा. ओळ खालून वर येताना मास्क (चौकटीबाहेरचं झाकणारा पडदा) लावला असेल तर ओळीची उंची अक्षराच्या दीडपट तरी द्या; नाहीतर वरचा रफार आणि खालचा उकार कापले जातात, आणि ‘सुकी’ असं वाचायला मिळतं की ‘सकी’, हे सांगता येत नाही. फॉन्ट उशिरा उतरला तर ओळी नव्यानं मोडतात आणि एडिटरनं आधी मोजलेल्या जागा चुकतात. फॉन्ट आल्यावरच अ‍ॅनिमेशन सुरू होऊ द्या.

स्क्रोल केल्यावर येणारा लेयर येतच नसेल तर तो सुरुवातीला कुठे उभा आहे ते बघा. पूर्ण पडद्याबाहेर ठेवलेला असेल तर ‘दिसला की सुरू कर’ ही अट पुरी होतच नाही: दिसत नाही म्हणून सुरू होत नाही, सुरू होत नाही म्हणून दिसत नाही. ट्रिगर, म्हणजे सुरू होण्याची ही अट, त्याच्या बाहेरच्या चौकटीवर लावा. फोनवर पान आडवं सरकायला लागलं तर उजवीकडे बाहेर थांबलेला लेयर शोधा. बटण दाबलं जात नसेल तर त्याच्यावर पसरलेला पारदर्शक लेयर शोधा.

आणि हे सगळं दुरुस्त केल्यावर पुन्हा अ‍ॅनिमेशन बंद करून पाहा. एकदा पाहिलं होतं, हे कारण चालणार नाही. प्रत्येक बदलानंतर पाहा. मी दुसऱ्यांदा नेमकं इथेच चुकता चुकता वाचलो: एक पट्टी नवीन टाकली आणि तिची ओपॅसिटी शून्यच राहिली होती.

हालचाल अडखळत असेल तर रुंदी-उंचीचे आकडे बदलू नका, फक्त जागा, स्केल (कितीपट लहान-मोठं) आणि ओपॅसिटी हलवा. ब्लर (धूसर करणारा इफेक्ट) काढून टाका. सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे चित्रं, हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम 16 मिलिसेकंद मिळतात, स्वस्त फोनला ब्लर झेपत नाही. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारं काही नको, फिट येऊ शकते. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपुढे चालणाऱ्या गोष्टीला थांबवायचं बटण द्या. होव्हर, म्हणजे माउस नुसता वर नेला की होणारा बदल, फोनवर नसतं; त्यावर काही अवलंबून ठेवू नका.

टॅबलेट, मोबाइल, दोन्ही मांडण्या वेगळ्या तपासा. कॅशे (ब्राउझरनं साठवलेली जुनी प्रत) काढा, इनकॉग्निटोत (खासगी खिडकीत) उघडा, नेट मंद करून उघडा. मग गिऱ्हाइकाकडे निघताना अ‍ॅनिमेशन बंद असलेला एक फोन सोबत घ्या आणि पान आधी त्याच्यावर उघडा.