रोममध्ये सान क्लेमेंते पाहायचंय? आधी तळ गाठा

कोलोसियमपासून जवळच असलेल्या या चर्चखाली चौथ्या शतकातलं चर्च आहे आणि त्याच्याही खाली रोमन काळातली घरं. बहुतेकजण मधल्या मजल्यावरच रेंगाळतात, मग खालच्या अरुंद वाटांमध्ये गर्दी होते.

१. सकाळी उघडताच तिकीट काढा. वरचं चर्च फुकट आहे, ते शेवटी बघा.
२. मधे न थांबता थेट तळाला जा. प्राचीन रोममध्ये पुजल्या जाणाऱ्या मिथ्र देवाचं भुयारी देऊळ निवांत बघायला मिळतं. भिंतीआडून वाहत्या पाण्याचा आवाज येतो, तोही शांततेतच ऐकण्यासारखा.
३. मग काळाच्या क्रमाने वर या.

उन्हाळ्यातही ओढणी किंवा शाल ठेवाच. चर्चमध्ये खांदे झाकायला लागतात, खाली गारठाही असतो. फरशी ओलसर असते, गुळगुळीत तळव्याच्या चपला नकोत. खाली फोटोला मनाई आहे.