बिनपाण्याने करू नका: घरच्या घरी ‘क्लोज शेव्ह’

नाशकात ‘शेव’ म्हटलं की आधी मिसळीवरची आठवते. सलूनच्या खुर्चीत मात्र तोच उच्चार दाढीचा होतो, आणि कारागीर विचारतो, “शेव्ह की ट्रिम?” शेव्ह म्हणजे केस कातडीलगत कापणं, ट्रिम म्हणजे थोडी लांबी ठेवून छाटणं. इंग्रजीतला हा शब्द दाढीपुरता नाही. पृष्ठभागावरून पातळ थर तासून काढणं हा त्याचा व्यापक अर्थ, म्हणून सुताराच्या रंध्यातून निघणाऱ्या गुंडाळलेल्या ढलप्यांनाही ‘शेव्हिंग्ज’ म्हणतात. थोडक्यात जिवावरचं टळलं की तो ‘क्लोज शेव्ह’. मराठीचा घोळ वेगळाच: आपण दाढी ‘ठेवतो’ही आणि ‘करतो’ही, शब्द एकच. म्हणून इंग्रजी बोलताना दाढी ‘करण्या’साठी ‘डू’ वापरायचा मोह होतो. तिथे नुसतं ‘शेव्ह’ म्हणावं, नाहीतर ‘हॅव्ह अ शेव्ह’.

आता हत्यार. इथे दुधारी ब्लेडचा साधा रेझर धरला आहे, ज्यात एकच पातळ पातं असतं. किंग कॅम्प जिलेटला अमेरिकेत १९०४ साली ज्याचं पेटंट मिळालं, त्याच घराण्यातला. पाच पात्यांच्या महाग कार्ट्रिजपेक्षा तो स्वस्त पडतो आणि नीट वापरला तर कातडीला सौम्यही. नीट वापरण्याची निम्मी मेहनत ब्लेड गालाला लागण्याआधीच संपलेली असते, आणि ती सगळी पाण्याची असते. ‘बिनपाण्याने हजामत’ हा वाक्प्रचार उगाच पडलेला नाही.

कोरडा केस चिवट असतो, पाणी प्यायला की मऊ होतो. शक्यतो आंघोळीनंतर दाढी करा. ते जमत नसेल तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेला पंचा दोन-तीन मिनिटं गालांवर दाबून धरा. नुसतं तोंडावर पाणी मारून भागत नाही, केसाला पाणी मुरायला वेळ लागतो. निफाडकडून गारठा येतो त्या डिसेंबर-जानेवारीत पंचा मिनिटभरात गार पडतो, तेव्हा तो दोनदा भिजवा. पाणी उकळतं नको, त्याने कातडीचं तेल निघून जातं आणि पुढे जळजळ होते.

ब्रश दोन मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा, मग हलकेच झटका. वाटीत वाटाण्याएवढं क्रीम घ्या आणि मिनिटभर गोल घोटत राहा. मध्ये दोन-तीनदा अर्धा चमचा पाणी घाला, एकदम ओतू नका. फेस कसा हवा? चक्क्यासारखा घट्ट झाला तर ब्लेड अडखळतं. ताकासारखा पातळ झाला तर गालावरून ओघळतो आणि कातडी उघडी पडते. फेटलेल्या सायीसारखा चकचकीत, ब्रश वर उचलला की टोक वाकून उभं राहणारा फेस आला की थांबा. त्यात मोठे बुडबुडे दिसले तर हवा जास्त झाली, अजून घोटा.

फेस चढतच नसेल तर दोष बहुधा पाण्याचा. बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन पांढरा चिकट साका बनतो, आणि फेस बसतो. सोसायटीत बोअरचं पाणी येत असेल तर दाढीपुरतं तांब्याभर नळाचं पाणी बाजूला ठेवा. खात्री करायची तर दोन वाट्यांत दोन्ही पाण्यांचा फेस करून पाच मिनिटं ठेवून बघा.

रेझरचे भाग तीन: वरची टोपी, मधली पट्टी, दांडा. टोपी उलटी धरा, तिच्या खिळ्यांत ब्लेड बसवा, वर पट्टी ठेवा आणि दांडा घट्ट आवळा. ब्लेड नेहमी आखूड बाजूंनी धरायचं, लांब बाजूंना धार असते. दोन्हीकडे ब्लेडची कड सारखी बाहेर दिसते का ते उजेडात पाहा. एकीकडे जास्त निघाली असेल तर उघडून परत बसवा. पहिल्याच हाताला कापलं की लोक ब्लेडच्या नावाने खडे फोडतात, दोष बऱ्याचदा या तिरपेपणाचा असतो.

दाढीच्या आधी एकदा खुंटांवरून बोटं फिरवा. ज्या दिशेने बोट गुळगुळीत जातं ती सुलट, जिकडे खरखर लागते ती उलट. गालावर केस बहुतेक खालीच वळलेले असतात. गळ्यावर मात्र भरवसा नाही: कुणाचे वर, कुणाचे कानाकडे, कधी उजवीकडे एक आणि डावीकडे भलतंच. गळ्यावर लाल पुरळ उठणाऱ्यांनी ही तपासणी आधी करावी.

टोपी गालाला टेकवा, दांडा गालाशी काटकोनात ठेवा. मग दांडा हळूहळू खाली आणा. ब्लेड केसाला भिडून बारीक ‘खर्र’ आवाज येऊ लागला की कोन जुळला, साधारण ३० अंशांचा. मनगट तिथेच स्थिर धरा. दुसऱ्या हाताने कातडी ताणा आणि एक-दीड इंचाचे छोटे हात मारा. जोर अजिबात लावायचा नाही, रेझरचं वजन पुरतं. कार्ट्रिजची सवय असलेला माणूस इथेच फसतो, दाबतो आणि कापून घेतो. दर दोन-तीन हातांनी रेझर पाण्यात हलवून धुवा. हनुवटीवर कोन सतत बदलतो, तिथे अर्ध्या इंचाचेच हात. वरचा ओठ दातांवर ओढून घ्या. कंठमण्यावरची कातडी बाजूला सरकवून सपाट भागावर कापा.

पहिला हात पूर्ण सुलट. मग परत पाणी, परत फेस आणि दुसरा हात आडवा, कानाकडून नाकाकडे. रोजच्या कामाला एवढं पुरे. सलूनमध्ये “उलटा हात मारू का?” असं विचारतात, त्याने गाल आरशासारखा होतो खरा, पण कुरळ्या केसांच्या माणसाने नकार द्यावा. उलटा कापलेला केस कातडीखाली जातो, वाढताना वळून आतच रुततो आणि पुळी होते. लग्नाच्या दिवशी उलटा हात हवाच असेल तर निदान गळा सोडा.

शेवटी गार पाण्याने तोंड धुवा, ओली तुरटी सगळीकडे फिरवा, मिनिटभराने धुऊन टाका. कापलं असेल तिथे तुरटी अर्धा मिनिट दाबून धरा. ती ऊतक आकसवते, म्हणून रक्त थांबतं. जिथे चरचरतं तिथे जोर जास्त पडला होता असं समजा, फुकटचा तपासनीस आहे तो. स्पिरिटवाला आफ्टरशेव्ह थंडीत कातडी अजून कोरडी करतो, त्याऐवजी साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा.

एक ब्लेड तीन ते पाच दाढ्यांपुरतं. केस पोलादापेक्षा किती तरी मऊ, तरी धार जाते कशी? एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं: केस वाकून धारेला बाजूने रेटतो आणि पोलादाच्या कमजोर जागेवरून सूक्ष्म कपची उडते. ब्लेड केस कापण्याऐवजी ओढू लागलं की टाका, काटकसर करू नका. टॉवेलने पुसू नका, झटकून हवेशीर ठेवा. दुसऱ्याचं ब्लेड वापरू नका. सलूनमध्ये उस्तऱ्यात नवं अर्धं पातं आपल्यासमोर घालायला सांगा. हिपॅटायटिस बीचा संसर्ग रक्ताच्या सूक्ष्म थेंबातूनही होतो.

वापरलेली पाती घंटागाडीत सुटी टाकू नका, कचरा वेगळा करणाऱ्याचा हात कापतो. पत्र्याचा रिकामा डबा घ्या, झाकणाला बारीक फट पाडा, पाती त्यात सोडत जा. भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करा, वर मार्करने ‘ब्लेड’ लिहा आणि गाडीवाल्याच्या हातात सांगून द्या.