गुगलला प्रश्न नका विचारू, उत्तरातले शब्द टाका

आपल्याकडं बरेच जण गुगलवर असं लिहायलेत जसं काय समोर कृषी सहाय्यक उभाय, 'माझ्या सोयाबीनची पानं पिवळी पडायलीत काय करू'. मग वर येतात औषधाच्या जाहिराती अन् खाली कुठलातरी भलताच व्हिडिओ. ज्या पानावर तुमचं उत्तर हाय तिथं 'माझ्या' अन् 'काय करू' कशाला लिहिलेलं असंल? तिथं जे शब्द असतील तेच टाका.

म्हणजे आधी शेतात नीट बघा. नवीन पानं पिवळी पण शिरा हिरव्याच, तर 'सोयाबीन नवीन पाने पिवळी शिरा हिरव्या' टाका, लोहाच्या कमतरतेची माहिती येईल, आपल्या चुनखडीच्या रानात हे लई दिसतं. चट्टे चट्टे पडलेत, पांढरी माशी पण हाय, तर ते दोन्ही शब्द टाका, पिवळा मोझॅक हा रोग निघंल. एकदा रोगाचं नाव सापडलं की ते नाव घेऊन पुन्हा शोधा, सोबत 'परभणी कृषी विद्यापीठ' जोडा. खरं काम ह्या दुसऱ्या शोधातच होतं, पण लोकं पहिल्यालाच कंटाळतात. वाणाची माहिती पायजे असंल, जसं सोयाबीनचं एमएयूएस ७१, तर ते नाव इंग्रजी अक्षरात ("MAUS 71") अन् अवतरण चिन्हात टाका, म्हणजे जसंच्या तसं शोधतंय.

जुनं काही शोधताना गावाचं नाव बघून टाका. छत्रपती संभाजीनगर अन् धाराशिव ही नावं २०२३ ला अधिकृत झाली, त्याच्या आधीचे जीआर, बातम्या, निकाल औरंगाबाद अन् उस्मानाबाद टाकल्यावरच नीट सापडतेत. सप्टेंबर १९४८ च्या आधीचं पायजे तर सोबत 'हैदराबाद संस्थान' किंवा 'निजाम' टाका, तवा आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, मुंबई सरकारच्या कागदात आपला जिल्हा कुठून येणार.

योजनांचं बघताना दलालांच्या साइटच जास्त येतात (त्यांचा धंदाच तो). तिथं शेवटी इंग्रजीत साइट, त्याला चिकटून कोलन, अन् जीओव्ही डॉट इन लिहा (site:gov.in), मधी स्पेस नको, मग फक्त सरकारी पानं येतात. पैठणची माहिती शोधताना साड्याच यायल्या तर साडी शब्दाच्या आधी वजाचं चिन्ह चिकटवा. लातूरच्या बाजारातला भाव बघायचा असंल तर शोधल्यावर टूल्समधी जाऊन मागचे २४ तास निवडा, नाहीतर मागच्या वर्षीचा भाव बघून माल घेऊन निघाल.