गदारोळाच्या दिवशीही कामाची गोष्ट कशी शोधावी : नागपुरात बसून लोकसभेचा एक दिवस

डिसेंबर लागला की नागपुरात अधिवेशनाचा हंगाम. यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवले जातात, आणि आज कोणता रस्ता बंद आहे एवढ्यापुरताच बऱ्याच नागपूरकरांचा विधिमंडळाशी संबंध येतो. त्याच सुमारास दिल्लीत संसदेचंही हिवाळी अधिवेशन असतं. त्यातलं आपल्यापर्यंत पोचतं ते रात्रीच्या बातम्यांतलं एक वाक्य : ‘गदारोळात लोकसभा दिवसभरासाठी तहकूब.’ दिवस वाया गेला असं म्हणून आपण चॅनल बदलतो.

पण तहकूब झालेल्या दिवशीही सभापटलावर प्रश्नांची जवळजवळ अडीचशे लेखी उत्तरं ठेवलेली असतात, आणि त्यात काटोलच्या संत्र्यापासून बुटीबोरीच्या कारखान्यांपर्यंत काहीही असू शकतं. ती शोधायची कशी आणि उरलेला दिवस पाहायचा कसा, ते पुढे सांगतो. लागतं फक्त इंटरनेट आणि हिंदी वाचायची तयारी, कारण कागदपत्रं इंग्रजी आणि हिंदीतच निघतात. नागपूरकराला हिंदीची काय अडचण!

आदल्या रात्री : कामकाज पत्रिका

संसदेच्या ‘संसद डॉट इन’ या संकेतस्थळावर लोकसभेच्या विभागात दुसऱ्या दिवसाची कामकाज पत्रिका मिळते. हिंदीत तिला ‘कार्य-सूची’ म्हणतात. टीव्ही लावण्याआधी ही वाचावी. ती वाचली नाही, तर कोण कशावर बोलतंय हेच कळत नाही आणि आवाज चढलेला माणूस तेवढा लक्षात राहतो.

पत्रिकेत क्रम असतो : प्रश्न, मग पटलावर ठेवायची कागदपत्रं, समित्यांचे अहवाल, मंत्र्यांची निवेदनं, मांडायची विधेयकं, आणि मग चर्चेला घ्यायची विधेयकं. कोणत्या मंत्र्याच्या नावापुढे काय आहे ते पाहून ठेवा. सकाळी परत एकदा पाहा. सुधारित किंवा पुरवणी पत्रिका येते, आणि महत्त्वाचं विधेयक कधी कधी त्या पुरवणीतच असतं.

प्रश्नांची यादी वेगळी असते. तिथे तारांकित आणि अतारांकित असे दोन भाग दिसतील. एका दिवसाला तारांकित २० आणि अतारांकित २३०. तारांकित प्रश्नाला मंत्री उभं राहून उत्तर देतो आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकितला फक्त लेखी उत्तर. सगळी मंत्रालयं एकाच दिवशी उत्तरं देत नाहीत. त्यांचे गट पाडून वार ठरवलेले असतात. तेव्हा कापसाच्या भावासाठी रोज यादी चाळत बसू नका. कृषी मंत्रालयाचा वार कोणता ते अधिवेशनाच्या सुरुवातीलाच बघून ठेवा.

आपल्यासाठी कोण बोलणार?

इथे नागपूर शहराची जरा वेगळीच गंमत आहे. २०१४ पासून नागपूरचे खासदार नितीन गडकरी केंद्रात मंत्री आहेत, आणि मंत्री प्रश्न विचारत नाही, मंत्र्याला विचारतात. प्रश्नकर्त्यांच्या यादीत नागपूरच्या खासदाराचं नाव शोधाल तर मिळणार नाही, रस्ते वाहतुकीच्या प्रश्नांखाली उत्तर देणारा म्हणून मिळेल. शून्य प्रहरातही, म्हणजे खासदार तातडीचे विषय मांडतात त्या वेळेतही तेच. म्हणून शहराच्या प्रश्नांसाठी आजूबाजूला पाहावं लागतं : जिल्ह्याच्या ग्रामीण भागाचा रामटेक मतदारसंघ, शेजारचे वर्धा आणि भंडारा-गोंदिया, शिवाय राज्यसभेतले महाराष्ट्राचे १९ सदस्य. लोकसभेत महाराष्ट्राचे ४८ खासदार आहेत आणि प्रश्न आपल्याच मतदारसंघाबद्दल विचारला पाहिजे असं बंधन नाही. विदर्भातल्या रेल्वेबद्दलचा प्रश्न कोकणातल्या किंवा थेट दुसऱ्या राज्यातल्या खासदारानेही विचारलेला असू शकतो. त्यामुळे खासदाराच्या नावाने शोधून थांबू नका, विषयाच्या शब्दानेही शोधा.

अकरा ते बारा

संसद टीव्ही दोन्ही सभागृहं थेट दाखवतो. लोकसभा अकराला बसते आणि पहिला तास प्रश्नोत्तरांचा असतो. (राज्यसभेत हा तास बारा ते एक असतो, २०१४ पासून तो तिकडे सरकवला आहे. म्हणजे इच्छा असेल तर दोन्ही पाहता येतात.) एखाद्या माजी सदस्याचं निधन झालं असेल तर आधी शोकप्रस्ताव होतो.

वीसचे वीस तारांकित प्रश्न तासाभरात होत नाहीत. २७ नोव्हेंबर २०१९ला ते झाले, तर त्याचीच बातमी झाली. एरवी पहिले काहीच पुकारले जातात. म्हणून आपल्याला हवा असलेला प्रश्न यादीत कितवा आहे ते बघा. सतरावा असेल तर अकरापासून ताटकळत बसण्यात अर्थ नाही.

छापील उत्तर आधीच तयार असतं, त्यामुळे खरा कस पुरवणी प्रश्नांत लागतो. मंत्र्याला खात्याची माहिती आहे की अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठी यायची वाट पाहतोय, हे दोन मिनिटांत कळतं. मूळ प्रश्नकर्त्याला दोन पुरवणी प्रश्न मिळतात, मग अध्यक्ष इतरांना संधी देतात. पुष्कळ खासदार ही संधी भाषणात घालवतात आणि शेवटी ‘मंत्रीमहोदय सांगतील का’ एवढं जोडून बसतात. तसं झालं की मंत्रीही तेवढंच लांब आणि तेवढंच गोल उत्तर देतो.

आणि घोषणाबाजी सुरू होऊन सभागृह अकरा-पाचलाच तहकूब झालं तर? तर जे तारांकित प्रश्न पुकारले गेले नाहीत, त्यांचीही उत्तरं लेखी म्हणून पटलावर ठेवली जातात. टीव्ही बंद करा आणि संकेतस्थळ उघडा.

उत्तर वाचायचं कसं

माझ्या मते दिवसातलं सगळ्यात कामाचं वाचन हेच. पण सरकारी उत्तराची एक पद्धत असते, ती ओळखता आली पाहिजे.

समजा, संत्र्याबद्दल शोधताय. बांगलादेशने आयात शुल्क वाढवलं आणि काटोल, नरखेड, वरुडच्या बागायतदारांचा मोठा ग्राहक आखडला, हा आपल्याकडचा जुना दुखरा विषय. शोधाच्या चौकटीत ‘नागपूर’ टाकलं तर ढीगभर रस्ते आणि पूल येतील. ‘संतरा’ किंवा इंग्रजीत ‘ऑरेंज’ टाका. कृषी मंत्रालयावर थांबू नका. निर्यात आणि शुल्काचा विषय वाणिज्य मंत्रालयाकडे जातो. दोन मंत्रालयांची उत्तरं शेजारी ठेवून वाचली की एकाने दुसऱ्याकडे बोट कुठे दाखवलंय ते दिसतं.

प्रश्नाला अ, ब, क, ड असे भाग असतात. उत्तरात प्रत्येक भागाला स्वतंत्र उत्तर आहे की ‘अ ते ड’ एकत्र गुंडाळलेत, ते पाहा. एकत्र गुंडाळलेत तर बहुधा नेमक्या आकड्याचा भाग सुटलेला असतो. मग काही ठरलेली वाक्यं येतात. ‘हा विषय राज्य सूचीतला आहे’ म्हणजे मुंबईला विचारा. शेती, पाणी, पोलीस यांत हे हमखास. त्याखाली केंद्राच्या योजनांची यादी जोडलेली असते, ती खुशाल ओलांडा. ‘प्रश्न उपस्थित होत नाही’ म्हणजे आधीच्या भागाला ‘नाही’ उत्तर दिलं, म्हणून पुढचं सगळं गळालं. तेव्हा ते ‘नाही’ नेमकं कशाला आहे, हे परत वर जाऊन वाचा. पुष्कळदा प्रश्नातला एखादा शब्द पकडून ‘नाही’ म्हटलेलं असतं.

‘माहिती गोळा केली जात आहे आणि ती सभापटलावर ठेवली जाईल’ हे वाक्य वरवर टाळाटाळ वाटतं, पण ते सोडू नका. ते आश्वासन धरलं जातं. लोकसभेची शासकीय आश्वासन समिती अशा आश्वासनांची नोंद ठेवते आणि ती पूर्ण करायला तीन महिन्यांची मुदत असते. मुदत वाढवूनही मागतात. असं वाक्य दिसलं की तारीख टिपून ठेवा आणि पुढच्या अधिवेशनात त्याचं काय झालं ते शोधा. पत्रकारांना हे माहीत असतं, आपण सहसा ते करत नाही.

शेवटी परिशिष्ट. खरा माल तिथेच असतो. राज्यवार, कधी जिल्हावार तक्ते असतात : किती मंजूर, किती दिले, किती खर्च. मंजूर आणि खर्च या दोन रकान्यांतलं अंतर पाहा. मुख्य उत्तरातला गोडवा तिथे उतरतो.

बारानंतर

कागदपत्रं पटलावर ठेवण्याचा भाग भराभर उरकतो, मंत्री उठतो, एक वाक्य म्हणतो, बसतो. पाहायला कंटाळवाणं, पण मंडळांचे वार्षिक अहवाल, कॅगचे अहवाल याच वेळी येतात. मग शून्य प्रहर. नियमपुस्तकात हा शब्द नाही, प्रथेने रूढ झाला आहे. खासदार सकाळी नोटीस देतात आणि नंबर लागला तर तातडीचा विषय मांडतात. मंत्र्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही. म्हणून ‘आमच्या खासदाराने संसदेत आवाज उठवला’ असा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर आला, की तो शून्य प्रहरातला आहे का ते विचारा. आवाज उठवणं चांगलंच. पण त्याला उत्तर आलं का, हे वेगळं.

त्यापेक्षा नियम ३७७खालची मांडणी शांत आणि जास्त उपयोगी. खासदार लेखी मजकूर वाचतो किंवा नुसता पटलावर ठेवतो, आणि मंत्रालयाकडून त्याला लेखी उत्तर जातं. व्हिडिओ फारसा होत नाही, पण पत्र हातात येतं.

आपल्या विधानसभेत लक्षवेधीची, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणाऱ्या सूचनेची जी धामधूम असते, ती इथे शोधू नका. लोकसभेतही लक्षवेधी सूचना आहे, पण ती क्वचित लागते.

जेवणानंतर विधेयक

एक ते दोन सुट्टी, मग साधारण सहापर्यंत कामकाज. विधेयक मांडणं आणि विधेयक मंजूर होणं यात लोक फार गल्लत करतात. मांडलं म्हणजे फक्त दाखल झालं. पुढे विचारार्थ घेण्याच्या प्रस्तावावर चर्चा, नंतर खंडवार विचार आणि दुरुस्त्या, आणि अखेर ‘मंजूर करावे’ हा प्रस्ताव. मग राज्यसभा, मग राष्ट्रपतींची सही. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘नवा कायदा झाला’ असं आलं तर यातली कोणती पायरी झाली एवढंच बघा.

बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होतात. ‘हो’वाले, ‘नाही’वाले ओरडतात आणि अध्यक्ष कौल सांगतात. एखाद्याने हरकत घेऊन मतविभागणी मागितली, तर साडेतीन मिनिटं घंटा वाजते, लॉबी रिकाम्या होतात, दारं बंद होतात आणि बटणाने मतं पडतात. कोणी कुठे मत दिलं याची नावानिशी नोंद तेव्हाच होते. घटनादुरुस्तीला मतविभागणी लागतेच, कारण एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश, असं दोन्ही भरावं लागतं. २० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असं मंजूर झालं, तो आकडा मतविभागणीतूनच मिळाला. आवाजी मतदानात तुमच्या खासदाराचं मत काय होतं, याचा कागद सापडणार नाही.

दुपारी बाकं ओस दिसली की लोक चिडतात. गणसंख्या, म्हणजे कामकाजाला लागणारी किमान हजेरी, एक दशांश, म्हणजे लोकसभेत ५५. त्याहून कमी असले तरी कोणी बोट दाखवेपर्यंत कामकाज चालू राहतं. काही सदस्य समितीच्या बैठकीत असतात, काही नसतात.

शुक्रवारची दुपार मात्र चुकवू नये. शेवटचे अडीच तास अशासकीय कामकाजाचे, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांची विधेयकं आणि ठराव. १९५२ पासून अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० साली. तरी पाहावं, कारण पक्षाच्या चाकोरीबाहेरचे विषय इथेच निघतात. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला अर्धा तास चर्चाही लागू शकते. आधी दिलेल्या एखाद्या उत्तराने समाधान झालं नाही, तर खासदार ती मागतो.

दिवस संपल्यावर

भाषणाचा तुकडा व्हिडिओत पाहून मत बनवू नका. सभागृहाचा शब्दशः वृत्तांत संकेतस्थळावर येतो, आधी असंपादित स्वरूपात. दिवसभरात काय काय झालं याची थोडक्यात नोंद ‘बुलेटिन भाग १’मध्ये मिळते. अध्यक्षांनी काही शब्द कामकाजातून काढून टाकले असतील, तर ते वृत्तांतात दिसणार नाहीत. व्हिडिओत ऐकलेलं आणि कागदावरचं जुळलं नाही, तर बहुतेक हेच कारण.

हे काही दिवस केलं की मनात एखादा प्रश्न तयार होतोच. तो खासदाराकडे द्यायचा असेल तर वेळेचं गणित सांभाळा. प्रश्नाची सूचना उत्तराच्या तारखेआधी किमान १५ पूर्ण दिवस द्यावी लागते आणि मग सोडत निघते. हिवाळी अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन धावलात तर उशीर झालेला असतो. तारखा जाहीर झाल्या की त्याच आठवड्यात खासदाराच्या कार्यालयात जा. निवेदन पानभर नको. मंत्रालयाचं नाव, त्याचा उत्तराचा वार, आणि खाली चार नेमके भाग : किती मंजूर, किती खर्च, कधीपर्यंत, विलंबाचं कारण. मागच्या उत्तराचा क्रमांक आणि तारीख सोबत जोडा. प्रश्नाला १५० शब्दांची मर्यादा असते. तुम्हीच तेवढ्यात बसवून दिलात, तर स्वीय सहायकाचं काम वाचतं आणि कागद गठ्ठ्याच्या तळाशी जात नाही.