समुद्राखालच्या स्फोटाची बातमी कशी वाचावी

उमेदीची सगळी वर्षं भूकंपनोंदी वाचण्यात गेली. त्यामुळे नॉर्ड स्ट्रीमवर, म्हणजे रशियातून जर्मनीकडे जाणाऱ्या आणि 2022 मध्ये स्फोटांत फुटलेल्या समुद्राखालच्या वायुवाहिन्यांवर, कुणी लेख पाठवला की मी आधी पेन्सिल शोधते. ‘स्फोट दुरून असा घडवला’ अशा थाटाचा मथळा असेल तर खोडरबरही.

सुरुवात वेळेपासून करा. 26 सप्टेंबर 2022 ला बाल्टिक समुद्रात, डेन्मार्कच्या बॉर्नहोम बेटाजवळ, दोन धक्के नोंदले गेले. स्थानिक वेळ पहाटे 2.03 आणि संध्याकाळी 7.03. वैज्ञानिक नोंदींत मात्र जागतिक प्रमाणवेळ असते, तिथे हेच धक्के 00.03 आणि 17.03 ला दिसतील. घाईत वाचलं तर दोनाचे चार स्फोट होतात.

मग हा भूकंप नाही हे कशावरून, ते लेखात आहे का बघा. स्फोट सगळ्या दिशांना ढकलतो, म्हणून धक्के नोंदणाऱ्या प्रत्येक केंद्रावर जमिनीची पहिली हालचाल वरच्या बाजूला असते. भूकंपात प्रस्तर एकमेकांवर घसरतात, त्यामुळे काही केंद्रांवर ती वर, काहींवर खाली. शिवाय स्फोटाच्या नोंदीत नंतर येणाऱ्या एस लहरी, म्हणजे जमीन आडवी हलवणाऱ्या लहरी, दुबळ्या असतात. एकाच केंद्राची नोंदीची रेघ बघून ठरवू नका. नोकरीच्या सुरुवातीला मी खाणीतला सुरुंग भूकंप म्हणून नोंदवला होता, तो असाच. बॉर्नहोमच्या रेघेत धक्क्यानंतर बराच वेळ बारीक थरथर दिसते, ती फुटलेल्या नळातून सुटणाऱ्या वायूची.

किलोंच्या आकड्यापाशी जरा थांबा. डेन्मार्क आणि स्वीडनने संयुक्त राष्ट्रांना लिहिलेल्या पत्रात ‘काही शे किलो’ स्फोटकं म्हटलं होतं, आणि तेवढंच म्हणणं शहाणपणाचं. या धक्क्यांची तीव्रता 2 च्या आसपास होती. तीव्रतेचं माप एकाने वाढलं की ऊर्जा सुमारे 32 पट होते, त्यामुळे तिथली छोटी चूक वजनात मोठी होऊन बसते. त्यातच नळातला दाबाखालचा वायूही आपली ऊर्जा सोडतो. कुणी नेमका आकडा दिला तर बाजूला प्रश्नचिन्ह काढा.

आता स्फोटकं उडवण्यासाठी दुरून दिलेल्या इशाऱ्याचा दावा. अमेरिकी पत्रकार सिमोर हर्श यांनी फेब्रुवारी 2023 मध्ये लिहिलं की विमानातून टाकलेल्या सोनार बॉयने, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडणाऱ्या तरंगत्या उपकरणाने, हा इशारा दिला. खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी लगेच विरतात. ध्वनी मात्र सेकंदाला साधारण 1500 मीटर वेगाने लांब जातो. म्हणजे कल्पना भौतिकशास्त्राविरुद्ध नाही. पण शक्य आहे आणि घडलं, यांच्यामध्ये पुरावा लागतो, आणि तो माझ्या कागदावर नाही. स्फोटकांच्या आत घड्याळ असो की बाहेरून ध्वनीचा इशारा, नोंदीत रेघ तीच उमटते. दोन धक्क्यांमधल्या 17 तासांवरूनही काही ठरत नाही, दोन्ही बाजूंचे लोक ते आपल्याच सोयीने वापरतात.

म्हणून लेखात ‘कधी, कुठे, किती’ संपून ‘कोणी, कसं’ जिथे सुरू होतं, तिथे आडवी रेघ मारा. रेघेखाली भूकंप नोंदणाऱ्या केंद्राचं नाव पुन्हा आलं तर सावध व्हा, तिथे ते नुसतं वजन पाडायला आणलेलं असतं. स्वीडनने आणि डेन्मार्कने फेब्रुवारी 2024 मध्ये आपापले तपास थांबवले. डेन्मार्कने घातपात झाल्याचं मान्य केलं, पण आपल्या देशात खटला चालवण्याइतका आधार नाही म्हटलं. तो निकालही रेघेच्या वरच थांबतो.